घरच्या घरी एअरबोट: इंजिन विमानाचं की गाडीचं? आणि तळाला काय लावावं?

ला_क्रॉसकर
राम राम मंडळी. मूळ इचलकरंजीचा, गेली बरीच वर्षं विस्कॉन्सिनात ला क्रॉसला, मिसिसिपीच्या काठी. शेजारी एक निवृत्त वेल्डर आहे, सत्तरी ओलांडलेला. त्याच्याबरोबर बदकांच्या शिकारीला जातो. आता आम्ही दोघांनी मिळून त्याच्या गॅरेजात एअरबोट बांधायला घेतली आहे.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: सपाट तळाची बोट, मागे उंचावर इंजिन, त्याला विमानाचा पंखा आणि पंख्यामागे दोन उभी सुकाणू. पाण्यात काहीच बुडालेलं नसतं. त्यामुळे वीतभर पाणी, वेत, चिखल, बर्फ, कशावरूनही जाते.

आमची अडचण अशी. नोव्हेंबरच्या मध्यापासून नदीचे आतले फाटे आणि तळी गोठायला लागतात, मुख्य प्रवाह मात्र वाहता राहतो. फाट्यातला बर्फ दीड-दोन इंच झाला की साधी बोट आत घुसत नाही आणि पायी जायची सोय नाही (मिनेसोटाचं निसर्गखातं चालायलाच किमान 4 इंच सांगतं). नेमकी तेव्हाच उत्तरेकडची बदकं खाली उतरतात. आमच्याकडचा सीझन साधारण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो. म्हणजे सगळ्यात चांगले दिवस काठावरून दुर्बिणीने बघण्यात जातात.

16 फुटी अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा झालाय. दोन गोष्टी ठरत नाहीत. एक, इंजिन: विमानाचं जुनं लायकमिंग ओ-540 मिळतंय, आणि शेजाऱ्याकडे गाडीचं शेवरले 350 पडून आहे. दोन, तळाला पॉलिमरची शीट लावावी की नुसता गुळगुळीत रंग पुरे? अनुभवी लोकांनी सांगावं.

खाडीवाला
पहिला! आमच्या भाट्याच्या खाडीत आणा एकदा. ओहोटीला चिखलात रुतलेल्या होड्या काढायला बरी पडेल.

उगाचच
किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल लावा. इचलकरंजीच्या माणसाने परकं इंजिन कशाला शोधायचं?

सांगलीचा_गडी
350 लावा, डोळे झाकून. सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळतात, बिघडलं तर स्वतः उघडता येतं. विमानाच्या इंजिनाचं साधं गॅस्केट घ्यायला गेलात तरी खिसा रिकामा होतो. वर महागडं शिशाचं पेट्रोल.

ओकीचोबी
फ्लोरिडातून. मी स्वतः बांधली नाही, पण मित्राच्या बोटीवर बरंच राबलोय. गडीभाऊंशी असहमत. ओ-540 साधारण 250 हॉर्सपॉवर मिनिटाला 2575 फेऱ्यांना देतं, म्हणजे पंखा थेट क्रँकवर बसतो. मध्ये गिअर नाही, पट्टा नाही. हवेने थंड होतं, त्यामुळे रेडिएटर नाही, पाणी नाही. वजन चारशे पौंडांच्या आसपास. लोखंडी ब्लॉकचं 350 साडेपाचशेच्या पुढेच जातं, त्यात रिडक्शन ड्राइव्ह (पंख्याच्या फेऱ्या कमी करणारा गिअर किंवा पट्टा) आणि रेडिएटर धरा. बोटीच्या मागच्या टोकावर, तेही उंचावर, दोन-अडीचशे पौंड जास्त.

सांगलीचा_गडी
अहो, पण पंखा डायरेक्टच बसवला तर? मग रिडक्शनची गरजच काय?

नाशिककर_काका
थांबा, थांबा. विमानदुरुस्तीत आयुष्य गेलं म्हणून लिहितो. नाहीतर इकडे मी वाचनमात्र असतो.

गाडीचं इंजिन पंख्याला थेट जोडू नका. दोन कारणं. पहिलं, पंखा बोट पुढे ढकलतो म्हणजे क्रँकशाफ्ट अक्षाच्या दिशेने ओढतो. गाडीच्या इंजिनात त्या दिशेचा भार फक्त क्लच दाबताना येतो, तेवढ्यापुरतंच थ्रस्ट बेअरिंग दिलेलं असतं. तासन् तास पंख्याची ओढ सोसायला ते बनवलेलं नाही. रिडक्शन ड्राइव्हमध्ये तो भार ड्राइव्हच्या बेअरिंगवर जातो.

दुसरं कारण पात्याच्या टोकाचा वेग. 72 इंची पंखा 2700 फेऱ्यांनी फिरला की टोक सेकंदाला साधारण 258 मीटर जातं. हाच पंखा 4000 फेऱ्यांवर नेलात तर 380 च्या वर, म्हणजे आवाजाच्या वेगापलीकडे. मग जोर वाढत नाही, फक्त बोंब वाढते, आणि पातं कधी दगा देईल सांगता येत नाही. गाडीचं इंजिन ताकद देतं 4500 च्या पुढे. म्हणून दोनास एकच्या आसपास रिडक्शन लागतंच.

आता थंडीची गोष्ट, ही बरेच जण विसरतात. उणे 20 सेल्सियसला आवाजाचा वेगच उतरतो, 340 वरून 319 मीटरवर. म्हणजे उन्हाळ्यात समाधानाने चाललेला पंखा हिवाळ्यात त्याच फेऱ्यांना मर्यादेच्या जास्त जवळ असतो. दुसऱ्या बाजूने हवा 14 टक्के दाट होते, त्यामुळे जोर वाढतो. पात्यांचा कोन हिवाळ्यासाठी वेगळा लावावा लागेल. जमिनीवर कोन बदलता येणारी संमिश्र पाती घ्या, लाकडी नको. बर्फाचा एक तुकडा लागला की लाकडाची कड जाते.

उगाचच
काका रॉक्स. किर्लोस्करचा प्रस्ताव मागे घेतो.

वाचनमात्र
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पाणकावळा
कुणालाच काही वाटत नाही का? सगळे इंजिनात मग्न. धागाकर्ते पक्षी मारायला जाण्याचं यंत्र बनवताहेत. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे, तो काही उगाच झाला नाही. भरतपूरला 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या लवाजम्याने एका दिवसात 4273 पक्षी मारले. त्याच तळ्याकाठी दगडावर कोरून ठेवलंय. आज नांदूर मध्यमेश्वरला थंडीत चक्रवाक बघायला पहाटे गर्दी होते. मला तेच बघणं आवडतं. इंजिनाला माझ्या शुभेच्छा नाहीत.

सांगलीचा_गडी
झालं. आता धाग्याचं काश्मीर होणार.

ला_क्रॉसकर
पाणकावळा, तुमचा मुद्दा मान्य नसला तरी राग नाही. इथला हिशोब वेगळा आहे, तो सांगतो. बदकांच्या शिकारीला दर वर्षी 25 डॉलरचं केंद्र सरकारचं तिकीट घ्यावं लागतं. 1934 पासून ही पद्धत आहे आणि तो पैसा पाणथळ जागा विकत घ्यायला, राखायला जातो. बंदुका-काडतुसांवर 1937 च्या कायद्याने कर बसतो, तोही वन्यजीवांकडे जातो. आम्ही जातो ते नदीचं राखीव क्षेत्र 1924 पासून आहे, मिनेसोटातल्या वाबाशापासून खाली इलिनॉयपर्यंत 261 मैल लांब. त्यात मोठमोठे भाग शिकारीला पूर्ण बंद आहेत. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांना 1991 पासून देशभर बंदी, आम्ही स्टील वापरतो. किती मारायचे त्यावर रोजची मर्यादा. भरतपूरशी तुलना होऊच शकत नाही.

पाणकावळा
तिकिटाचं माहीत आहे, चांगली गोष्ट आहे. पण मग एअरबोटच का? कॅनव्हासबॅक नावाचं जे बदक तुमच्याकडे उतरतं ते ओनलास्का तळ्यातल्या पाणगवताचे कंद खाऊन पुढच्या प्रवासाची चरबी साठवतं. थंडीत एकदा उठवलं की ती चरबी उडण्यात जळते. विमानाचा पंखा लावलेली बोट थव्यातून गेली तर गोळी न झाडताही नुकसान होतंच. कायद्यात बसतं का हा एक प्रश्न, करावं का हा दुसरा.

फेअरबँक्सवाली
पाणकावळ्याला या एका बाबतीत +1. (मी शिकार करत नाही, नवरा करतो. मी फ्रीजर भरते.)

अलास्कात आमच्याकडे तनाना नदीच्या दलदलीत मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीला एअरबोटी सर्रास जातात, कारण तो भाग म्हणजे पाण्यावर तरंगणारं गवताचं जाड जाळं आहे. दुसरं काही तिथे चालतच नाही. आणि तरीही जवळच्या नेनानाच्या नियंत्रित भागात मूसच्या शिकारीला एअरबोट वापरायला बंदी आहे. कारण हेच, आवाज आणि बाकीच्या शिकाऱ्यांशी भांडणं. मिसिसिपीच्या राखीव क्षेत्रातही काही पट्ट्यांत एअरबोट चालत नाही. नकाशा हातात घेऊनच बांधायला बसा. बोट तयार झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

ला_क्रॉसकर
नकाशा गॅरेजच्या भिंतीवरच लावलाय. उठवण्याबद्दल: बदकांना बोटीने हाकणं, उठवून बंदुकीसमोर आणणं केंद्राच्या नियमाने गुन्हाच आहे. चालत्या मोटारबोटीतून गोळीही झाडता येत नाही. मोटर बंद हवी आणि तिने दिलेली गती संपलेली हवी. आम्ही अंधारात जाणार, वेताच्या आडोशाला बोट लावणार, आणि सकाळ संपली की त्याच वाटेने परत. दिवसभर तळं घुसळत फिरायचं नाही हे शेजाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलंय. पण तुमचा मुद्दा खोडून काढला असं म्हणत नाही.

ग्रीनबेकर
नमस्कार. तुमच्याच राज्यातून, पण मिशिगन सरोवराच्या बाजूने. इकडे ग्रीन बेच्या खाडीवर बर्फातल्या मासेमारीला गेलेले लोक बर्फाचा तुकडा सुटून वाहत जातात, आणि त्यांना आणायला एअरबोटीच जातात. 2009 च्या फेब्रुवारीत लेक एरीवर सव्वाशेहून जास्त मासेमार असे अडकले होते. हेलिकॉप्टर आणि एअरबोटींनी काढले, एक जण गेला.

तेव्हा इंजिनावर भांडा, पण एक प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर आधी द्या. बोट बर्फावरून उघड्या पाण्यात उतरताना किंवा पाण्यातून बर्फावर चढताना तुमचा वेग गेला तर काय होईल?

ला_क्रॉसकर
पुढचं टोक वर, मागचं खाली?

ग्रीनबेकर
बरोबर, आणि मागच्या टोकावर इंजिन. बर्फाच्या कडेवर अर्धी चढून बोट थांबली की मागची फळी पाण्याच्या पातळीला येते. तिथून पाणी आत यायला लागलं की उपसायला वेळ मिळत नाही. म्हणून मागची फळी उंच ठेवा आणि बोटीच्या दोन्ही बाजूंना बंद कप्प्यांत फोम भरा, इतका की पूर्ण भरली तरी आडवी तरंगली पाहिजे. ओकीचोबींनी वजनाचं लिहिलंय ते इथे लागू होतं. फ्लोरिडात दोनशे पौंड जास्त म्हणजे थोडा वेग कमी. इथे म्हणजे बुडणं.

अंगावर तरंगणारा कोट पाहिजेच, आणि गळ्यात बर्फाचे खिळे (बर्फात रोवून वर चढायला). मानिटोबा विद्यापीठातल्या गीसब्रेख्ट यांचा 1-10-1 चा नियम पाठ करा: पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. लोकांना वाटतं थंडीने लगेच मरतो. लगेच मरतो तो थंडीच्या धक्क्याने धाप लागून नाकातोंडात पाणी गेल्याने. त्या दहा मिनिटांत बर्फावर चढायचं, नाहीतर बोटं खिळासुद्धा धरत नाहीत.

खाडीवाला
जोक मागे घेतो. गंभीर प्रकरण आहे.

उगाचच
अवांतर: हे म्हणजे होव्हरक्राफ्टच ना? मंडपमला तटरक्षक दलाचं पाहिलंय, वाळूवर चढून येतं.

ओकीचोबी
नाही हो. होव्हरक्राफ्ट खालून हवा भरून, रबराच्या घेराच्या आत उशीवर तरंगतं. एअरबोट खरोखर पाण्यावर किंवा जमिनीवर टेकलेली असते, फक्त ढकलतो पंखा. त्यामुळे बांधायला पुष्कळ सोपी. आणि झाडाच्या बुंध्यावर आपटली तर घेर फाटत नाही, आपले दात पडतात.

नाशिककर_काका
अतिअवांतर: 1905 मध्ये कॅनडात नोव्हा स्कोशियाला ग्रॅहम बेलच्या माणसांनी असा हवाई पंख्यावर चालणारा तराफा बनवला होता, विमानाचे पंखे तपासायला. नाव ठेवलं होतं ‘अग्ली डकलिंग’. पुढे 1943 मध्ये युटातल्या बेअर रिव्हर पक्षी अभयारण्यातल्या लोकांनी स्वतःच्या कार्यशाळेत एअरबोट बांधली. कशासाठी, तर बॉट्युलिझम या विषबाधेने मरणाऱ्या बदकांपर्यंत उथळ चिखलातून पोचता यावं म्हणून. पाणकावळ्यांना हे आवडेल.

पाणकावळा
काका, आवडलं. हे माहीत नव्हतं.

मॅडिसनची_मावशी
विस्कॉन्सिनची चर्चा चाललीय म्हणून हजेरी. सुपिरिअर सरोवरात मॅडलीन बेटावर उन्हाळ्यात फेरी, कडक हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता. आणि मधल्या दिवसांत, जेव्हा बर्फ धड तुटत नाही आणि धड गाडी पेलत नाही, तेव्हा पंख्यावर चालणारी विंडस्लेड. शाळेची मुलं त्यातून बेफील्डला जातात. आम्ही एकदा बसलो होतो. कानात बोळे घालूनही डोकं भणभणलं. पण चालकाला बर्फाचा रंग बघून वाट ठरवताना पाहिलं आणि घाबरायचं विसरले. करड्या, ओल्या बर्फाकडे तो फिरकतसुद्धा नव्हता.

सांगलीचा_गडी
मावशी, सुंदर. पण मूळ प्रश्नावर या. धागाकर्त्याकडे 350 फुकट आहे.

फेअरबँक्सवाली
फुकट इंजिन सगळ्यात महाग पडतं हे आमच्या घरी सिद्ध झालेलं आहे. पण मला इंजिनाबद्दल बोलायचंच नाही. पाच-पन्नास प्रतिसादांत तळाचा प्रश्न कुणी घेतलाच नाही, आणि हिवाळ्यात बोट चालते की नाही हे तळ ठरवतो.

पाण्यावर आणि ओल्या गवतावर कुठलाही तळ सरकतो. उणे पाच-सात पर्यंतच्या बर्फावरही सरकतो, कारण घर्षणाने वर पाण्याचा पातळ पापुद्रा होतो. उणे 25-30 ला तो पापुद्रा होतच नाही. कोरडा भुरभुरीत बर्फ वाळूवर ओढल्यासारखा अडतो. नुसतं अ‍ॅल्युमिनियम असेल तर पूर्ण थ्रॉटलला पंखा गर्जतो आणि बोट जागची हलत नाही. शिवाय रात्रभर उभी राहिली की अ‍ॅल्युमिनियम बर्फाला घट्ट चिकटतं. पॉलिमर (आम्ही अर्ध्या इंचाची अतिउच्च रेणुभाराची पॉलिथिलीन शीट वापरतो) पुष्कळ कमी चिकटतं. तरी नवरा थांबताना बोट दोन आडव्या लाकडी ओंडक्यांवर चढवूनच बंद करतो. ओंडके बोटीतच असतात, बंदुकीआधी ते मोजतो.

ला_क्रॉसकर
हेच हवं होतं. शीट कशी बसवली? शेजारी म्हणतो दर सहा इंचावर बोल्ट मारून टाकू, एकदम पक्की.

फेअरबँक्सवाली
अजिबात नको! थांबवा त्यांना. हे सविस्तर लिहिते.

हे पॉलिमर गरम-थंड होताना अ‍ॅल्युमिनियमच्या सहा-सात पट लांबी बदलतं. समजा तुमची शीट 12 फूट लांब आहे आणि गॅरेजात 20 डिग्रीला बसवली. बाहेर उणे 20 ला नेली की अ‍ॅल्युमिनियम जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर आक्रसेल, शीट दोन सेंटिमीटर. गोल भोकात पक्के बोल्ट असतील तर काहीतरी जाणारच: एकतर बोल्ट कापले जातील, नाहीतर भोकापासून कडेपर्यंत चीर जाईल. उलट थंडीत बसवली तर उन्हाळ्यात मध्ये फुगे येतील.

आमच्याकडे केलं ते असं. शीटच्या मध्यावर एक आडवी ओळ गोल भोकांची, तिथे ती घट्ट. तिथून पुढे आणि मागे लांबट खाचा, टोकाकडे जाल तशा जास्त लांब. खाचेत रुंद सपाट डोक्याचे स्टेनलेसचे बोल्ट, डोकं शीटच्या पृष्ठभागाच्या थोडं आत बुडालेलं. आतून नायलॉनचा नट, तोही हाताला जाणवेल इतकाच घट्ट. शीट बोल्टखाली सरकायला हवी. पुढची कड मात्र नाकाच्या वळणावर वर घेऊन वर पट्टी दाबा, नाहीतर बर्फाची कड शीटखाली शिरते आणि चालत्या बोटीची सोललेली केळी होते. मागची कड मोकळी ठेवा, म्हणजे शीट आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये गेलेलं पाणी बाहेर पडेल. नाही पडलं तर तिथेच गोठून शीट उचलतं.

नाशिककर_काका
ताई, उत्तम लिहिलंत. हे कुठल्याही कारखान्यात शिकवलं जात नाही.

वाचनमात्र
हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. माझ्याकडे ना बोट ना बर्फ.

ग्रीनबेकर
+1. एक भर: उड्या मारणारं पाणी. उणे दहाला उघड्या पाण्यातून गेलात की तुषार मागे सुकाणूवर, केबलवर आणि पंख्याच्या पिंजऱ्यावर गोठतात. सुकाणू जड होतं, मग अडकतं, आणि पिंजऱ्यावरचा बर्फ सुटून पंख्यात जातो. पाण्यातला टप्पा लहान ठेवा, बर्फावर चढलात की थांबून रबरी हातोडीने ठोका. केबलऐवजी दांड्या वापरल्या तर कमी अडकतात.

आणि ब्रेक नाही हे विसरू नका. रिव्हर्स नाही. सुकाणूला हवा मिळते तोवरच ते सुकाणू. घाबरून थ्रॉटल सोडलात की वळणंही गेलं. काचेसारख्या बर्फावर थांबायचं म्हणजे बोट उलटी फिरवून उलट दिशेला जोर लावायचा. मोकळ्या जागेत सराव केल्याशिवाय झाडांत जाऊ नका.

उगाचच
ब्रेक नाही, रिव्हर्स नाही, आवाज प्रचंड, घाबरलात तर काहीच ऐकत नाही. आमच्या पीएमटीची जुनी बस आठवली.

खाडीवाला
हहपुवा (हसून हसून पुरे वाट).

ओकीचोबी
ग्रीनबेकर, केबलबद्दल मान्य. आणखी दोन गोष्टी फ्लोरिडातून. एक, इथे कायद्याने एअरबोटीवर केशरी झेंडा लागतो, तळापासून दहा फूट उंच, कारण गवतात समोरून येणारी बोट दिसत नाही, आणि आपल्या आवाजात तिचा आवाज ऐकू येत नाही. तुमच्याकडे वेत तेवढेच उंच असतील, लावून टाका. दोन, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ. लोकांना वाटतं हे कडाक्याच्या थंडीचं दुखणं. खरं तर शून्याच्या वर-खाली, दमट हवेत जास्त होतं, म्हणजे तुमचा नोव्हेंबरच. लायकमिंग घेतलंत तर कार्ब्युरेटरला गरम हवेची नळी काढू नका. इकडे बरेच जण काढून टाकतात, इथे चालून जातं.

नाशिककर_काका
आणि लायकमिंग उणे 12 च्या खाली आधी गरम केल्याशिवाय सुरू करायचं नाही. कंपनीच्याच सूचना आहेत. तेल गुळासारखं झालेलं असतं आणि सिलिंडर-पिस्टनची फट थंडीत बदललेली असते. पहिल्या मिनिटात होणारी झीज नंतर तेल ओतून भरून येत नाही. तळ्यावर थांबलेल्या वेळेतही इंजिनावर जाड पांघरूण टाका.

ला_क्रॉसकर, ते ओ-540 कुठल्या विमानातून उतरवलंय? लॉगबुक (इंजिनाच्या तासांची, दुरुस्त्यांची वही) आहे का? पंखा जमिनीला आपटून उतरवलं असेल तर क्रँकशाफ्ट तपासल्याशिवाय हात लावू नका. विकणारा हे आपणहून सांगत नसतो.

ला_क्रॉसकर
काका, लॉगबुक नाही. ‘चालू होतं’ एवढंच सांगतो.

नाशिककर_काका
मग घेऊ नका.

सांगलीचा_गडी
मी पहिल्यापासून काय म्हणत होतो?

ओकीचोबी
लॉगबुक नसलेलं नको हे मान्य. पण म्हणून 350? अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं एलएस (जनरल मोटर्सचं नव्या पिढीचं व्ही-8) बघा. भंगारात गेलेल्या ट्रकमधून निघतं (ब्लॉक नीट बघून घ्या, बरेच लोखंडी असतात). शंभर-सव्वाशे पौंड वाचतील. इंजेक्शन असल्याने कार्ब्युरेटरचा बर्फ हा विषयच संपला. थंडीत किल्ली फिरवली की सुरू.

ग्रीनबेकर
यावर तिघांचं एकमत होईल असं दिसतंय, ऐतिहासिक क्षण.

सांगलीचा_गडी
शेवरलेच ना? माझं एकमत.

ला_क्रॉसकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल शेजाऱ्याला बसवून सगळा धागा इंग्रजीत सांगितला. काकांचा ‘मग घेऊ नका’ त्याला फार आवडला.

ठरलंय ते असं. लायकमिंग बाद. अ‍ॅल्युमिनियमचं एलएस शोधतोय, दोनास एक रिडक्शन, अर्धं पाणी अर्धं अँटीफ्रीझ, म्हणजे उणे 37 पर्यंत धास्ती नाही. तळाला अर्ध्या इंचाची शीट, ताईंनी सांगितल्याप्रमाणे खाचा पाडून. त्यावर शेजाऱ्याशी तास-दीड तास वाद झाला. शेवटी त्याने शीटचा एक लांब तुकडा रात्रभर बाहेर ठेवला, सकाळी टेप लावून मोजला, काही न बोलता ड्रिल ठेवलं आणि राउटर (खाचा पाडायचं यंत्र) काढला. मागची फळी सहा इंच उंच करतोय, बाजूला फोमचे कप्पे. इंजिनाआधी ही कामं. घरी बांधलेल्या बोटीला राज्याकडून हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) घ्यावा लागतो, तो अर्जही गेला.

या सीझनला होईल असं वाटत नाही. घाई करणार नाही.

पाणकावळा
या सीझनला होणार नाही हे वाचून बरं वाटलं. :) ओनलास्काला हंस उतरले की फोटो टाका. जिवंत.

ला_क्रॉसकर
नक्की. हंसांना इथे कुणी हात लावत नाही. नोव्हेंबरात काठावरूनच दिसतात, बोट लागत नाही.

नाशिककर_काका
पंख्याचे बोल्ट पहिल्या तासाच्या धावेनंतर पुन्हा टॉर्क रेंचने तपासायचे आणि मग लॉकवायर घालायची. वायर अशी पिळायची की बोल्ट सैल होऊ पाहिला तर ती आवळली जाईल. बरेच जण उलटी पिळतात. फोटो पाठवा, बघून सांगतो.

उगाचच
काका, आमच्या टेबलफॅनचाही एक बोल्ट सैल आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

नाशिककर_काका
करा. पण आधी प्लग काढा.